लादीखालची ओल आधी बघू या

आम्ही सायवनच्या बचत गटांकडून बोलतोय.

सध्या गटाच्या बैठकीत लादीसाठी कर्जाची मागणी फार येते. घरकुलाचे हप्ते भिंतीत आणि छपरात संपतात, लादीचे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. म्हणून कर्ज देताना आम्ही आता एक प्रश्न विचारतो: खालची ओल बघितली का?

लादी बसली की ओल थांबते, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं होत नाही. कुडाच्या घरात जमीन मातीची, वर शेणाचं सारवण. खालून ओल यायची तशी वरून सुकूनही जायची. लादीखाली ती कोंडते. मग सांध्यांतून वर येते, भिंतीच्या पायाशी चढते, पांढरा खार फुटतो. एका ताईंच्या घरी नव्या लादीवरची भाताची गोणी गणपतीपर्यंत खालून काळी पडली. आणि आपण निजतो कुठं? लेकरं घेऊन जमिनीवरच.

ओल बघायला यंत्र लागत नाही. हातभर लांब, हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा कोबा केलेल्या जमिनीवर पसरा. चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवस हलवू नका. मग उचला. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील, कोबा काळपट दिसला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील, तर ती पावसाळी हवेची दमट. तीन-चार कोपऱ्यांत करा, मोरीजवळ नक्की करा. उन्हाळ्यात जमीन कोरडी दिसली तरी भुलू नका, खरी परीक्षा पावसात. कोबा नवा असेल तर महिनाभर सुकू द्या, नाहीतर त्याचंच पाणी दिसेल.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसत आले. जमिनीला तडा असेल तर तोही आधी बुजवून घ्या.

जोतं अजून भरायचं असेल तर फारच बरं. मुरूम थराथराने पाणी मारून धुमसायचा, वर दगडाचं सोलिंग, त्यावर थोडी रेती, म्हणजे प्लास्टिक फाटत नाही. मग २५० मायक्रॉनचं जाड प्लास्टिक, जोडाला वीतभर एकावर एक, कडा भिंतीला वर वळवलेल्या. त्यावर काँक्रीट. घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. लादीच्या खर्चापुढे एवढं प्लास्टिक काहीच नाही.

कोबा झालेला असेल तर त्यावर प्लास्टिक आणि नवा थर घालता येतो. पण जमीन दोन-तीन इंच वर येते, दाराची फळी अडते. उंबऱ्याचं माप आधी घ्या. त्याहीआधी बाहेर बघा: पागोळ्यांचं पाणी जोत्याशीच मुरतंय का? चर खणून ते लांब काढलं की निम्मं काम होतं.

थंड देशांत घराखाली तळघर असतं. तिथेही आधी ओल तपासतात, मग गारवा अडवणारे फोमचे तक्ते टाकतात, मग वरची फरशी. क्रम तोच.

गवंडी म्हणेल, "एवढं कोण करतं?" घरकुल बहुतेक ठिकाणी बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असतं. तेव्हा सांगायचा हक्क आपला आहे. प्लास्टिक अंथरताना समोर उभं राहा, कारण नंतर ते दिसत नाही.

गटाकडे प्लास्टिकचे तुकडे आणि चिकटपट्टी आणून ठेवली आहे. ज्यांचं काम आधी, त्यांनी आधी न्या.