अपुऱ्या मालाची पुरी किंमत

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्हिडिओ गेम हा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आंब्याचा भाव, मच्छीमारांची कर्जे, मुंबई-गोवा महामार्गाची रखडपट्टी हे प्रश्न बाजूस ठेवून पोरांच्या खेळाची चर्चा का करावी? याचे उत्तर असे की, जेथे असंख्य लहान माणसांकडून आगाऊ पैसा गोळा होतो आणि त्याचा हिशेब देण्याचे बंधन कोणावरही नसते, तेथे प्रश्न खेळाचा राहत नाही. तो अर्थकारणाचा होतो. आणि या बाजाराचे गिऱ्हाईक आज चिपळूण, खेड, राजापूरच्या घरांतूनही आहे.

या व्यवहाराला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. खेळ पुरा तयार होण्याआधीच कंपनी तो विक्रीस काढते. गिऱ्हाईक पैसे भरते, अर्धवट खेळ खेळते, त्यातील दोष कळवते, आणि जमलेल्या पैशातून कंपनीने खेळ पुरा करावा अशी अपेक्षा असते. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या ‘स्टीम’ या विक्रीकेंद्राने मार्च २०१३ मध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र दालन उघडले. काही निर्माते आपला खेळ पुरा करू शकणार नाहीत, सबब आज आहे त्या स्थितीत तो पसंत असेल तरच घ्यावा, असा इशाराही तेथे दिलेला असतो. पैसे परत मागण्याची सर्वसाधारण मुदत खरेदीपासून चौदा दिवसांची, आणि खेळ दोन तासांहून कमी वेळ खेळलेला असला पाहिजे. काम बंद पडते ते मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी. तोवर ही मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

ही पद्धत मुळातच लबाडीची आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये अपुऱ्या रूपात विक्रीस काढला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुरा करून दिला. ‘माइनक्राफ्ट’ २००९ पासून अर्धवट अवस्थेत विकला जात होता; तो नोव्हेंबर २०११ मध्ये पुरा झाला. येथे गिऱ्हाइकाची फसवणूक झाली नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खेळाची कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. आरंभीच्या दिवसांत ज्यांच्या पैशावर हा खेळ उभा राहिला, त्या खेळाडूंना खेळ मिळाला. मोबदल्याची रक्कम मालकांकडे गेली.

दुसरी बाजू ‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ या खेळात दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा अपुरा खेळ सुमारे पन्नास डॉलरना, म्हणजे जवळजवळ पुऱ्या खेळाच्याच भावाने, विक्रीस आला. २०२४ मध्ये त्यावर काम करणाऱ्या स्टुडिओतील कामगारांना कामावरून कमी करण्यात आले व स्टुडिओ बंद झाला. जाहीर केलेले अनेक भाग झालेच नाहीत. विक्री मात्र त्यानंतरही चालू राहिली. या एकाच प्रकरणात खेळाडूचा पैसा गेला आणि कारागिराची नोकरीही गेली. या दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे जे भासवले जाते, ते किती खोटे आहे हे यावरून स्पष्ट व्हावे.

अशा वेळी खेळाडूने तक्रार केली की त्याला उतावळा ठरवले जाते. पण त्याची भूमिका नीट तपासली पाहिजे. तो गिऱ्हाईक असतो, कारण तो किंमत मोजतो. तो भांडवल पुरवणाराही असतो, कारण त्याच्या पैशातून माल अजून तयार व्हायचा असतो. शिवाय तो दोष शोधून कळवण्याचे काम विनावेतन करतो. तीन भूमिका त्याच्याकडे आहेत. हक्क मात्र यांपैकी एकाही भूमिकेचा त्याला धड मिळत नाही. धंद्याची जोखीम भांडवलदाराने पत्करावी आणि त्याबद्दल नफा घ्यावा, असे भांडवलशाहीचेच समर्थक सांगत आले. येथे जोखीम गिऱ्हाइकाची आणि नफा मालकाचा, अशी वाटणी झाली आहे.

अपुऱ्या कामासाठी पैसा उभारण्याची न्याय्य रीत कोकणाला अपरिचित नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री होते. केंद्राने व चार राज्यांनी भागभांडवल दिले आणि उरलेला मोठा पैसा रोख्यांतून उभारला. पैसा आला तेव्हा बोगदे खणायचे होते, पूल बांधायचे होते. सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. पण पैसा देणाऱ्याच्या हाती रोखा होता, त्याला व्याजाचा दर होता, परतफेडीची मुदत होती. काम लांबले म्हणून त्याचा हक्क आटत नव्हता.

घरांच्या बाबतीतही समाज अनुभवाने शहाणा झाला. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे ताटकळलेल्या कुटुंबांच्या हालांतून २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून ‘महारेरा’चे काम सुरू झाले. लेखी करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन व बांधकाम यांवरच खर्चावे लागतात. ताबा वेळेवर न दिल्यास व्याजासह परतावा मागता येतो. घर आणि खेळ यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण तत्त्व एकच आहे.

यावर असा आक्षेप येईल की, एवढी बंधने घातली तर लहान निर्माते मरतील. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण बँका अशांना उभे करीत नाहीत. परंतु पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचे उदाहरण पाहावे. ‘राजी’ या खेळासाठी तिने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांना आवाहन केले. ठरलेली रक्कम जमली नाही. आणि उद्दिष्ट पुरे न झाल्यास कोणाचाही पैसा घ्यायचा नाही, हा तेथील नियम. पुढे अन्य मार्गांनी तो खेळ २०२० मध्ये पुरा झाला. पैसे देणाऱ्याचे रक्षण करणारी अट असली म्हणजे कारागिरी मरतेच असे नव्हे.

म्हणून मागणी साधी असावी. काय तयार आहे आणि काय नाही, हे विक्रीपूर्वी स्पष्ट सांगावे. जमलेल्या पैशाचा ठरावीक भाग, कामगारांच्या वेतनासह, खेळ पुरा करण्यासाठीच राखावा. काम थांबले की विक्री त्याच दिवशी थांबावी आणि परतावा मिळावा. वर्षभर सुधारणा न झालेल्या खेळांवर तशी सूचना लावण्यास स्टीमने २०२५ मध्ये सुरुवात केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण सूचना म्हणजे हक्क नव्हे.

आजचा कायदाही अगदी निःशस्त्र नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना मान्य केली असून त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी ई-व्यापारी कंपन्यांनाही २०२० चे नियम लागू आहेत. परंतु काही शे रुपयांसाठी एकटा तरुण आयोगाची पायरी चढत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवर हा धंदा विसंबून असतो. एकट्याची रक्कम लहान असते, सर्वांची मिळून ती प्रचंड होते. त्या सर्वांना एकत्र आणणे हे संघटनेचे काम आहे. हा तरुण सभेला येत नाही, अशी खंत कार्यकर्ते करीत असतात. त्याचा पैसा जेथे अडकला आहे, तेथे आधी त्यांनी गेले पाहिजे.