दीड मीटर सोडा

आपल्या वेळी वर्गात सायकली दोनच. बाकी सगळे पायी. आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. बोरगावच्या रस्त्यानं त्या येतात, तेव्हा स्ट्रॉबेरीची पिकअप इतक्या जवळून जाते की आरसा कोपराला लागायचाच राहतो. गेल्या हिवाळ्यात माझी पुतणी अशीच कडेच्या खडीत पडली. खरचटलं थोडंच, पण आठवडाभर सायकलीला हात लावेना.

जर्मनीत 2020 पासून मोटारीनं सायकलीला ओलांडताना गावात दीड, गावाबाहेर दोन मीटर सोडावे लागतात. आपल्याकडे पुरेसं अंतर ठेवा, एवढंच. पुरेसं कुणाला, पिकअपवाल्याला? आकडा हवा. अर्ज चहाच्या टेबलावर आहे. आपल्यातले निम्मे आज गाडीनं आलेत. सही करा, मग गाडी काढा.