वजने उचलणाऱ्या मुलाचे ताट
(हिंगणघाट येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी हयात शाळेच्या मैदानावर कवायत घेण्यात गेली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वाचून, जाणकारांना विचारून आणि मुलांना डोळ्यांसमोर वाढताना पाहून जमवलेले आहे.

गेल्या पावसाळ्यात बारावीतला एक मुलगा प्लास्टिकचा भला मोठा डबा छातीशी धरून माझ्या घरी आला. म्हणाला, "सर, हे प्यायलं की इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिन वाढलं की अंग भरतं, असं जिममध्ये सांगतात. खरं आहे का?" त्याच्या मागे त्याचे अब्बा उभे होते. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. ते म्हणाले, "सर, इन्सुलिन तर माझं औषध आहे. ते पोराला कशाला पाहिजे?" बाप-लेकांचे दोन्ही प्रश्न रास्त होते. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

इन्सुलिन हे मुळात औषध नव्हे. ते आपल्या पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होते, तुमच्याही आणि माझ्याही. 1921 साली कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी ते जनावरांच्या स्वादुपिंडातून वेगळे काढले आणि जानेवारी 1922 मध्ये मधुमेहाने खंगलेल्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. तो मुलगा अवघा 14 वर्षांचा होता, म्हणजे आपल्या नववीतल्या मुलाएवढा. त्याआधी अशा मुलांना उपासमारीच्या पथ्यावर ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते.

आता त्याचे काम काय, ते पाहू. मोठ्या माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते फक्त चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आपण पोळी, भात किंवा शरबत घेतले की त्याच्या कितीतरी पट साखर रक्तात उतरू लागते. ती तेथेच राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खराब होतात. म्हणून ती उचलून गोदामात टाकावी लागते. आपण हिंगणघाटचे लोक कापूस आणि जिनिंग-प्रेसिंगच्या सोबतीने वाढलेलो, गोदाम म्हणजे काय ते आपल्याला समजावायला नको. शरीरात साखरेचे सर्वांत मोठे गोदाम स्नायूंचे आहे. तेथे सुमारे चारशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात मावते. यकृतात मावते शंभराच्या आसपास. इन्सुलिन हा या गोदामाचा चौकीदार. तो दार उघडतो तेव्हा माल आत जातो.

गोदाम भरलेले असले आणि दार गंजलेले असले तर एका चौकीदाराने भागत नाही. मग स्वादुपिंड दोन पाठवते, चार पाठवते. रक्ताच्या तपासणीत साखर ठीक दिसते, पण ती ठीक ठेवण्यासाठी आत केवढी धावपळ चालली आहे ते कागदावर दिसत नाही. अशी वर्षे जातात आणि एक दिवस स्वादुपिंड थकते. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

वजने उचलण्याचा मोठा लाभ येथेच आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेण्याचे दुसरे दार उघडते. व्यायामात गोदाम काही अंशी रिकामे होते आणि पुढे एक-दोन दिवस थोड्या इन्सुलिनमध्येही जास्त काम होते. शिवाय महिन्यामागून महिने व्यायाम चालला तर गोदामच मोठे होते. म्हणजे व्यायाम करणाऱ्या मुलाचे इन्सुलिन वाढवायचे नसते. कमी इन्सुलिनमध्ये त्याचे काम भागावे, हे खरे यश. जिममधला सल्ला नेमका उलटा आहे.

यावर कोणी म्हणेल, आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला मधुमेहाची भीती कसली? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास 1993 पासून केला. तेथील बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते 3.5 किलो. आपली बाळे हाडापेरांनी आणि स्नायूंनी लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून होती. पुढे त्यांना असेही आढळले की आपल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाणही गोऱ्या बाळांपेक्षा जास्त असते.

2004 साली त्यांनी आणि प्रा. जॉन युडकिन या इंग्रज मित्राने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघे अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! गमतीचा भाग असा की युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत ती गाठणे, असे त्यांनी तेथेच लिहून टाकले. थट्टा बाजूला ठेवली तरी, आपला सडपातळ मुलगा आतून सडपातळ असेलच असे नाही.

आता त्या डब्याकडे येतो. मी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. वजन वाढवण्याच्या अशा पुष्कळ भुकट्यांत पहिला पदार्थ असतो माल्टोडेक्सट्रिन. नाव भारदस्त आहे, पण तो मक्यासारख्या धान्याच्या पिठुळापासून केलेला, साखरेसारखाच झपाट्याने रक्तात उतरणारा पदार्थ. त्याने इन्सुलिन उसळते हे खरे. परंतु स्नायू बांधतात ती प्रथिने. इन्सुलिनचे काम झीज आवरण्याचे, आणि तेवढे इन्सुलिन साध्या जेवणानेही मिळते. त्यापेक्षा वर उसळवून स्नायू जास्त वाढत नाहीत. उरलेली साखर चरबीच्या खात्यावर जमा होते. बापाने हजारो रुपये मोजून मुलाला पिठुळ पाजावे, हे मला तरी बघवत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इन्सुलिन केवळ साखरेनेच वाढते असे नाही. दूध, दही, मांस, मासळी यांनीही ते वाढते, दुधाने तर चांगलेच. पण त्याबरोबर रक्तातील साखर उसळी घेत नाही, आणि त्या इन्सुलिनच्या जोडीला स्नायू बांधण्याचे सामानही आलेले असते. म्हणून 'इन्सुलिन वाईट' म्हणून दह्याला घाबरणारे आणि 'इन्सुलिन चांगले' म्हणून ग्लुकोज पिणारे, दोघेही सारखेच चुकतात.

किती प्रथिने हवीत? वजने उचलणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅमपर्यंत लाभ होतो, त्यापुढे फारसा नाही. साठ किलोच्या मुलाला ते झाले 96 ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, पावशेर दुधात आठ, शंभर ग्रॅम कच्च्या तूर डाळीत बावीस, तेवढ्याच शेंगदाण्यांत पंचवीस आणि सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या वर. आपल्या विदर्भात तूर, हरभरा, सोयाबीन यांना काय तोटा? गोश्त रोज परवडत नाही म्हणून कोणी खंत करू नये. घट्ट वरण, ज्वारीची भाकर, दोन अंडी, वाटीभर दही, मूठभर फुटाणे आणि पाटाभर कांदा-काकडी, एवढ्यावर उत्तम शरीर होते. आमच्या घरी वरण पातळ करून चौघांचे सहांना पुरवण्याची जुनी सवय होती. ती व्यायाम करणाऱ्या मुलाच्या वाटीपुरती तरी मोडावी, अशी मातांना विनंती आहे.

जेवणाचा क्रमही पाहा. आधी भाजी, डाळ, अंडे किंवा गोश्त, आणि भात-पोळी मागून, असे केले तर तेच अन्न खाऊनही साखर कमी उसळते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तर आणखी कमी. याला पैसा लागत नाही.

रमजानबद्दल मुले हटकून विचारतात. रोजाच्या दिवसभरात इन्सुलिन खाली राहते आणि शरीर साठ्यावर चालते. त्यात अपाय नाही. बिघडते ते इफ्तारच्या दस्तरखानावर. रंगीत शरबताचे दोन-तीन ग्लास, भजी, समोसे, फिरनी, एका दमात! दोन-तीन खजूर आणि पाणी घ्यावे, नमाज अदा करावी आणि मग बसून डाळ-गोश्त, भाजी, भाकर घ्यावी. जड वजने जेवणानंतर दीड-दोन तासांनी उचलावीत. इफ्तारपूर्वी करायचाच असेल तर हलका व्यायाम करावा. सहरीला नुसता चहा-पाव नको, अंडे आणि दही असावे. जे मधुमेहाची औषधे घेतात त्यांनी रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा बदलून घ्याव्यात, स्वतःच्या मनाने नव्हे.

शेवटचा विषय काढताना मला संकोच होतो, पण पालक समोर आहेत म्हणून काढतो. शरीरसौष्ठवाच्या नादात काही तरुण इन्सुलिन टोचून घेतात. ज्याला मधुमेह नाही त्याने ते टोचले की रक्तातली ती चमचाभर साखरही उतरू लागते. मेंदूचा गुजारा मुख्यतः साखरेवर. घाम येतो, हात कापतात, जीभ अडखळते आणि माणूस बेशुद्ध पडतो. झोपेत असे झाले तर घरच्यांना वाटते पोरगा दमून झोपला आहे. बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेल्या अशा तरुणांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1998 सालीच खेळाडूंना त्यावर बंदी घातली. घरात वडिलांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, तेव्हा किती कुप्या आहेत याची मोजदाद आईने ठेवावी. यात मुलावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. आणि घाम फुटून अडखळत बोलणारा मुलगा शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, एका कुशीवर निजवावे आणि तडक दवाखाना गाठावा.

तो डबा अजून माझ्या कपाटात आहे. मुलाने परत नेला नाही. परवा तो भेटला, तेव्हा विचारत होता, "सर, मग भात सोडून देऊ का?" मी म्हटले, सोडू नकोस. व्यायाम करून आलास की खा, वरण भातापेक्षा जास्त घे, आणि येत्या रविवारी अब्बांनाही सोबत घेऊन मैदानावर ये.