रोजचा अर्धा तास

मोटार चालवायला शिकावे असे मनात असूनही ज्यांचे शिकणे वर्षानुवर्षे लांबणीवर पडते, अशी माणसे प्रत्येक मोठ्या शहरात पुष्कळ आढळतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले : वेळ कुठे आहे? हे उत्तर खोटे नसते. कोलकात्यात तर ते अधिकच खरे वाटते. सकाळी आठला घर सोडून बिनय-बादल-दिनेश बागेतल्या, म्हणजे पूर्वीच्या डलहौसी चौकातल्या, कचेरीकडे निघालेला गृहस्थ किंवा सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये संगणकासमोर रात्री आठपर्यंत अडकलेली तरुणी स्टिअरिंग हाती धरणार तरी केव्हा?

तथापि या वेळेचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी मोटार शिकवणाऱ्या शाळेचा अभ्यासक्रम २१ दिवसांहून कमी असता कामा नये आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० हून कमी नसावेत. १० तासांना २१ दिवसांनी भागले, तर रोजचा वाटा अर्ध्या तासाहूनही थोडा कमीच येतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो हाती आल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. म्हणजे लागणारा वेळ थोडाच आहे. अडचण एवढीच, की तो एकदम काढून चालत नाही. रोज काढावा लागतो.

कामाच्या माणसाला हीच गोष्ट पटत नाही. तो म्हणतो, रविवारी तीन तास देईन आणि महिन्याभरात मोकळा होईन. या समजुतीची परीक्षा एकदा झाली आहे, आणि तीही पोस्टमनांवर. इंग्लंडमधील बॅडले आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टपाल खात्यातील नोकरांना टंकलेखन शिकवले. काहींना रोज एक तास, काहींना रोज दोन, तर काहींना चार. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले. मौज अशी, की आपल्या शिकण्यावर सर्वांत नाराज तेच होते. कारण दिवस जास्त गेले! टंकयंत्र म्हणजे मोटार नव्हे हे खरे. पण हातापायांना वळण लावण्याचे काम दोन्हीकडे सारखेच. क्लच सोडताना गाडी जिथे किंचित थरथरते ती जागा डाव्या पायाला ओळखू यावी लागते. ती ओळख सोमवारी झाली तर मंगळवारपर्यंत टिकते. एका रविवारची ओळख पुढच्या रविवारपर्यंत पुसट होऊन जाते, आणि पहिला अर्धा तास ती पुन्हा करून घेण्यातच संपतो.

मग हा अर्धा तास दिवसाच्या कोणत्या भागात ठेवावा? कोलकात्यापुरते याचे उत्तर सूर्यानेच देऊन ठेवले आहे. सारा देश एकाच घड्याळावर चालतो, पण हे शहर पूर्वेला आहे. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. कोलकात्यात तो पाचच्या आतच वर आलेला असतो. कचेरीची वेळ होण्याआधी दोनअडीच तासांचा लख्ख उजेड मिळतो. त्या वेळी सॉल्ट लेकचे आखीव रस्ते मोकळे असतात, आणि न्यू टाऊनचे तर त्याहूनही रुंद. लाल अक्षराची पाटी लावलेली, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असलेली गाडी तिथे बंद पडली, तर मागून भोंग्यांचा कल्लोळ उठत नाही. संध्याकाळचे शिक्षण मात्र नवशिक्याने सुरुवातीला टाळलेलेच बरे. थकलेले डोळे, बसगाड्यांची चढाओढ, काही भागांत हातरिक्षा, आणि त्यातून पार्क सर्कसचा सात तोंडांचा नाका! भरीला भर म्हणजे इथले काही एकेरी रस्ते दुपारनंतर आपली दिशाच उलटी करतात. सकाळी घोकलेला मार्ग सायंकाळी गुन्हा ठरतो.

पंधरा दिवसांनी विद्यार्थी मोठ्या रस्त्यावर येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा जुना सर्क्युलर रोड येतो. आज त्याच्या दोन भागांना आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. मराठी माणसाने तिथे गिअर बदलताना जरा आठवण ठेवावी. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने १७४२ साली कलकत्तेकरांनी जो खंदक खणायला घेतला, त्याच्या मोठ्या भागावरून, तो बुजवल्यावर, १७९९ च्या सुमारास हा रस्ता झाला. भोसल्यांची फौज काही कलकत्त्यात आली नाही. खंदकाला मात्र ‘मराठा डिच’ हे नाव कायमचे चिकटले.

इथवरचा हिशेब ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हाती आहे त्याचा झाला. ज्यांचा वेळ दुसऱ्यांच्या हाती असतो, त्यांचे काय? पहाटेचा जो उजेड कारकुनाला फुकट मिळतो, तोच घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पाणी भरण्यासाठी आणि स्वतःची चूल पेटवण्यासाठी लागतो. आझाद फाउंडेशन ही संस्था दिल्ली, जयपूर आणि कोलकाता या शहरांत गरीब वस्त्यांतील स्त्रियांना मोटारचालक होण्याचे शिक्षण देते. हे शिक्षण कित्येक महिन्यांचे असते आणि त्यात गाडीबरोबर कायद्याचे आणि स्वसंरक्षणाचेही पाठ असतात. अशा स्त्रीला क्लच आणि गिअर जड जात नाहीत. जड जातात ते परवान्यासाठी लागणारे कागद आणि घरातून निघण्याची मुभा. त्या तासात मुलांना कोण सांभाळणार आणि भात कोण शिजत घालणार, हे आधी ठरावे लागते. ते ठरले नाही तर शिकवणी चौथ्या दिवशी सुटते, आणि शेजारी म्हणतात, बायकांना हे जमायचे नाही.

जमते हे कोलकात्याने रस्त्यावरच पाहिले आहे. गेल्या दशकात प्रतिमा पोद्दार या बाईंचे नाव वृत्तपत्रांतून देशभर गेले. निमता ते हावडा ही मिनीबस त्या चालवीत. भल्या पहाटे, शहर जागे होण्यापूर्वी, त्यांचा दिवस सुरू होई. त्याच बसमध्ये त्यांचे यजमान कंडक्टर होते. स्टिअरिंग बाईंच्या हाती आणि तिकिटांची पिशवी त्यांच्या खांद्याला, अशी ती बस हावड्याची वाट धरीत असे.