ऑइल बदलता, बघता का?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काल याच व्यासपीठावरून तुम्ही संतसाहित्यावर ऐकलंत, उद्या अर्थसंकल्पावर ऐकणार आहात, आणि मधल्या दिवशी इंजिन ऑइल. पत्रिका छापायच्या आधी संयोजकांनी मला पुन्हा फोन करून विचारलं, "सर, विषय हाच ना?" विषय हाच. जुन्नर तालुक्यात ज्या घरात पाच एकर टोमॅटो आहे त्या घरात किंवा शेजारच्या घरात एक पिकअप आहे, आणि ती बहुतेक वेळा जुनी आहे. नारायणगावच्या बाजारापर्यंत माल तीच नेते, माळशेज उतरून कल्याण-वाशीला तीच जाते. घरातल्या लग्नालाही तीच. आयटीआयमध्ये डिझेल इंजिन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून आज त्या पिकअपच्या ऑइलवर बोलू.

पहिल्यांदा निकाल सांगतो, कारणं मग. जुन्या पिकअपचं इंजिन जुन्या ऑइलनं क्वचित मरतं, कमी ऑइलनं मरतं. आपण सगळे ऑइल बदलण्याबद्दल बोलतो. कुठल्या कंपनीचं, किती हजारांनी, किती रुपयांना. आणि एकदा बदललं की पुढच्या बदलापर्यंत बॉनेट उघडत नाही. नव्या गाडीत हे खपून जातं. दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या गाडीत रिंगा झिजलेल्या असतात, व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या गॅस्केटमधून पाझर असतो. ती गाडी रोज थोडं ऑइल खाते. आठ हजार किलोमीटरनंतर बदलायचं ठरवलेलं ऑइल पाच हजारालाच निम्म्यावर आलेलं असतं आणि ते कुणालाच माहीत नसतं. मालकाला वाटतं ड्रायव्हर बघतोय. ड्रायव्हर म्हणतो ते मेकॅनिकचं काम. मेकॅनिकला गाडी दिसते ती थेट बदलायच्या दिवशी.

कमी ऑइल असताना आत काय होतं ते बघा. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच फट असते. त्या फटीत पंप दाबानं ऑइल ढकलतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही; निदान लागू नये. आता माळशेजच्या उतारात गाडीचं तोंड खाली झालं, वळणावर ती कलली, की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला धावतं. पातळी पुरेशी असेल तर पंपाची जाळी बुडालेलीच राहते. पातळी कमी असेल तर जाळी क्षणभर उघडी पडते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आणि बेअरिंगवरचा तो थर तुटतो. असे क्षण एका फेरीत कितीतरी येतात. एका फेरीनं काही होत नाही, पण हंगामभरात होतं. ज्यांच्या गाडीला टर्बो आहे त्यांनी आणखी जपावं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि त्याला आधार फक्त या ऑइलचा. घाट चढून आल्या आल्या चावी बंद करू नका, मिनिटभर इंजिन रेसवर न ठेवता नुसतं चालू ठेवा.

कुणी म्हणेल, डॅशबोर्डवर लाल दिवा आहे की! तो दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. आणि बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास घसरल्यावरच तो लागतो. म्हणजे घर पेटल्यावर वाजणारी घंटा. तो लागला तर गाडी त्याच जागी बंद करायची. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हे वाक्य अनेक इंजिनांचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे. जुन्या गाडीत तर कधी दिव्याची वायर तुटलेली असते, कधी बल्ब उडालेला असतो. चावी ऑन केल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, तो दिवा पेटतो का हे एकदा बघा.

आता बघायचं कसं. सकाळी, गाडी सपाटीवर, इंजिन थंड. डिपस्टिक बाहेर काढा, फडक्यानं कोरडी पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. पहिल्यांदा काढून जे दिसतं ते धरू नका, नळीच्या कडेनं लागलेलं ऑइल फसवतं. गाडी चालवून आला असाल तर बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे हवी. वरच्या खुणेच्या वर नको. "थोडं जास्तच टाक, उतरलं तर असू दे" ही उदारता महागात जाते. जादा ऑइल क्रँक फेटतो, फेस होतो, फेसाला दाब धरत नाही. डिझेल इंजिनात तर ते ब्रीदरमधून हवेच्या वाटेनं आत ओढलं गेलं की गाडी चावी बंद केली तरी बंद होत नाही, स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटते.

जुन्या पिकअपची एक खास भानगड आहे, ती पुस्तकात सापडायची नाही. तिची डिपस्टिक तिचीच असेल याची खात्री नाही. कधीतरी हरवलेली असते आणि भंगारातून दुसऱ्याच इंजिनाची आणून बसवलेली असते. तेव्हा पुढच्या बदलाच्या वेळी एक काम करा. सगळं ऑइल काढल्यावर, नवा फिल्टर बसवून, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं माप मोजून भरा. इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. ऑइल जिथं दिसेल तीच तुमच्या गाडीची खरी वरची खूण. ती छापील खुणेशी जुळली नाही तर कानसेनं बारीक रेघ मारून घ्या. आणि एकदा खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती लागतं तेही मोजून ठेवा. म्हणजे पट्टीवर बोटभर उतरलं की नेमकं किती टाकायचं, हा अंदाजपंचे कारभार संपतो.

हीच पट्टी पातळीशिवाय बरंच सांगते. रंगाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. "कालच बदललं आणि आज काळं! दुकानदारानं फसवलं." डिझेलच्या गाडीत नवं ऑइल लगेच काळं होतं, कारण जळताना निघणारी काजळी ते आपल्या अंगावर घेतं. यामागं मजेशीर इतिहास आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये काजळी आणि चिकटा साचून पिस्टनच्या रिंगा खाचेतच चिकटून बसायच्या. त्यावर उपाय म्हणून 1935च्या सुमारास मळ धुऊन तो तरंगत ठेवणारी द्रव्यं घातलेलं ऑइल बाजारात आलं. आज प्रत्येक डब्यात ती असतात. तेव्हा काळं झालेलं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. उलट हजारो किलोमीटर चालूनही डिझेल इंजिनात ऑइल सोनेरीच राहिलं तर मी चिंता करीन.

दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र गाडी हलवू नका. ते पाणी आहे, कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला असणार. (थंडीत फक्त भरायच्या झाकणाखाली पांढुरकी साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर ती बहुधा वाफेची असते. घाबरू नका, पण आठवडाभर लक्ष ठेवा.) आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पातळी वाढणं. ऑइल खाणाऱ्या गाडीची पातळी न टाकता वाढली तर मालक खूश होतो! ऑइल वाढत नसतं. डिझेल नाहीतर पाणी आत उतरत असतं. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास उग्र असेल, ऑइल बोटांत पातळ लागत असेल, तर नोझल-पंपवाल्याकडे जा. शंका राहिली तर टिपकागदावर गरम ऑइलचा एक थेंब टाकून काही तास ठेवा. काळा रंग हळूहळू फिका होत पसरला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्यभागी दाट काळा ठिपका आणि बाहेर एकदम स्वच्छ कडं असं झालं तर ते काजळी पेलायचं थांबलं आहे.

कुठलं ऑइल टाकायचं, यावर फार वेळ घालवत नाही. आपल्या जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनांना साधारणपणे 15डब्ल्यू-40 सांगितलेलं असतं. त्यातला 15डब्ल्यू हा आकडा उणे वीस-पंचवीस अंशांच्या थंडीतल्या चाचण्यांचा आहे, ओतूरच्या थंडीत त्याची काळजी नको. 40 हा शंभर अंशांवरचा दाटपणा. डब्यावर डिझेलसाठी 'सी'ने सुरू होणारा दर्जा असतो, सीएफ-4, सीएच-4, सीआय-4. पुस्तिकेतल्यापेक्षा वरचा चालतो, खालचा नको. "गाडी जुनी झाली, 20डब्ल्यू-50 टाका," असं गॅरेजात सांगतात. आवाज कमी होतो, गळतीही थोडी थांबते, हे खरं. पण झिजलेली रिंग दाट ऑइलनं भरून येत नाही. गाडी विकायची असेल तर तो उपाय चांगला. ठेवायची असेल तर आधी इंजिनाचं काम काढा.

कधी बदलायचं? पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी होईल ते. आपल्याकडे तिसरा हिशेब हवा. बाजाराबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी किलोमीटर दाखवत नाही, ऑइल मात्र वापरते. गाड्यांचे ताफे सांभाळणारे लोक अशा एका तासाला ढोबळमानानं चाळीस किलोमीटर धरतात. धुळीचा रस्ता, जादा भार आणि रांगा हे तिन्ही असतील तर पुस्तिकेतलं अंतर निम्मं करा.

बदलताना इंजिन कोमट हवं, म्हणजे तळाचा मळ ऑइलबरोबर येतो. चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. चेंबरचा नट काढून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. तांब्याचा वायसर नवा घाला. नट आवळताना पान्याला पाइप लावून लटकू नका, आटे गेले की चेंबरच उतरवावा लागतो. फिल्टर दर वेळी नवाच. पेट्रोलनं धुऊन परत बसवलेला फिल्टर मी पाहिलेला आहे, त्याबद्दल बोलवत नाही. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बोटानं चाचपा, कारण दोन रबरं एकावर एक आली तर सगळं ऑइल रस्त्यावर जातं. नव्याच्या रबराला ऑइल चोळा आणि हातानंच घट्ट करा. उभा बसणारा असेल तर आधी ऑइलनं भरून घ्या. आणि रिकामा डबा कापून टाका. तो अख्खा भंगारात गेला तर पुढच्या वर्षी बनावट ऑइल भरून तुमच्याच हातात येऊ शकतो.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती टाकलं. तीन रकाने पुरेत. हजार किलोमीटरला पाव लिटर लागणारी गाडी अचानक लिटर मागू लागली, तर कुठल्याही मेकॅनिकच्या कानाआधी ती वही सांगेल.

राहिलं ते काढलेलं काळं ऑइल. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवीसाठी खांबांना फासतात, उरलेलं ओढ्याच्या कडेला ओततात. त्यात काजळी आहे, झिजलेला धातू आहे, आणि ते कातडीला वारंवार लागणंही घातक आहे. 2016च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. 1 एप्रिल 2024पासून तर ऑइल विकणाऱ्या उत्पादकांवरही ते परत गोळा करून घेण्याची जबाबदारी आली आहे. पण कुकडीच्या काठच्या एका शेतकऱ्यानं पाच-सहा लिटर ऑइल घेऊन जायचं कुठं? बाजार समितीची मंडळी समोर बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. जिथं पिकअप रांगेत उभ्या राहतात तिथं झाकणाचं एक पिंप ठेवा, ते नोंदणी असलेल्या माणसालाच द्या आणि पावती फलकावर लावा. टोमॅटोचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे व्हावं.