अपुऱ्या कामाचा चार्ज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचा हुकूम आला की टेबलावरील प्रकरणे पुरी झाली किंवा नाहीत, हे कोणी विचारीत नाही. प्रलंबित प्रकरणांची यादी करून चार्ज द्यावा लागतो. आम्ही तो आजवर सात वेळा दिला. घरी आरंभिलेल्या कामाला मात्र असा हुकूम कधी येत नाही. कोणाचा कुलवृत्तान्त, कोणाचे भाषांतर ट्रंकेत पडून असते आणि "निवृत्तीनंतर पाहू" या वाक्यावर वर्षे निघून जातात. असे काम केव्हा सोडावे, याचा आज विचार करावयाचा आहे.

आपल्या कोशवाङ्मयात याचे एक उत्तम उदाहरण आहे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी इंग्रजी-मराठी कोश आरंभिला. पण प्रकृतीने साथ न दिल्याने त्यांना विलायतेस परतावे लागले. तो कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला व १८४७ साली तो छापून निघाला. योजना व आरंभ मोल्सवर्थ यांचा, पूर्तता कँडी यांची, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. एक काम सोडले म्हणून मोल्सवर्थ यांची उमेद खचली नाही. ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि १८५७ साली आपल्या पहिल्या कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती त्यांनी सिद्ध केली.

उलट, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यास निवर्तले, तेव्हा त्यांचे पुष्कळ लेखन अप्रकाशित होते. धुळेकरांनी ते जिवापाड जपले, म्हणूनच त्यांचा धातुकोश १९३७ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली बाहेर पडला. पण प्रत्येकाच्या कागदांना धुळे लाभत नाही. बहुतेकांचे कागद रद्दीवाल्याकडे जातात.

म्हणून आम्हांस तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. विषयाची ओढ अजून आहे, की केवळ आरंभ केल्याची भीड उरली आहे? उरलेले काम आणि उरलेली वर्षे यांचा हिशेब जुळतो काय? आणि हे काम आपल्याहून चांगले करणारा कोणी जवळपास आहे काय? ओढच संपली असेल, तर खंत न करता बासन बांधावे. ओढ आहे, पण हिशेब जुळत नाही, असे असेल तर डोळे शाबूत आहेत तोवर योग्य हाती चार्ज द्यावा.

आम्ही स्वतः बावीस वर्षे ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद व तंजावर येथील मराठी घरांतील शब्द चिठ्ठ्यांवर टिपीत आलो. सुमारे तीन हजार चिठ्ठ्या जमल्या. तंजावरच्या शब्दांचा उलगडा तमिळवाचून होत नाही, आणि तमिळ आम्हांस येत नाही. आपल्या मंडळातील एक तरुण भगिनी भाषाशास्त्राची अभ्यासक असून तिला तमिळ उत्तम येते. येत्या पाडव्यास चिठ्ठ्यांची खोकी आम्ही तिच्या स्वाधीन करणार आहोत. सोबत संक्षेपांची किल्ली, शब्द सांगणाऱ्यांची गावे आणि आमच्या शंकांची वही राहील. जीव गुंतलेला आहे, हे नाकारीत नाही. पण शब्दांची सोय आमच्या मोहाहून मोठी आहे.

बंधुभगिनींनो, आपापल्या प्रलंबित कामांची यादी या महोत्सवी वर्षात अवश्य करा. पुरे होण्याजोगे असेल ते आजच हाती घ्या. बाकीच्याचा चार्ज हसतमुखाने द्या.