पाणथळीतली एक इवलीशी गोगलगाय



दक्षिण इंग्लंडमध्ये चुनखडीच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नद्यांकाठी दलदली आहेत. तिथे व्हर्टिगो मूलिन्सियाना नावाची गोगलगाय राहते. शंखाची उंची जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढी!

ती ओळखायची तर भिंग हवंच. शंखाच्या तोंडात दातांसारखे उंचवटे असतात. या जातीत ते बहुधा चार, क्वचित पाच. त्याच दलदलीतल्या व्हर्टिगो अँटिव्हर्टिगो या दुसऱ्या जातीला सहा ते दहा. मूलिन्सियानाचा शंख तुकतुकीत, पिवळसर तपकिरी आणि शेवटचा वेढा चांगला फुगीर. पिल्लांना मात्र हे दात आलेले नसतात, त्यामुळे पूर्ण वाढलेला शंखच हाती यावा लागतो.

पण दात मोजणं ही नंतरची गोष्ट. आधी जागा ओळखता आली पाहिजे. उन्हाळ्यात आणि शरदात ही गोगलगाय लव्हाळ्याच्या, बोरूच्या पात्यांवर चढून बसते आणि तिथली सूक्ष्म बुरशी खाते. म्हणून अभ्यासक पाती पांढऱ्या ताटावर झटकतात आणि काय पडतं ते पाहतात. पात्यांच्या बुडाशी जमीन वर्षभर ओली लागते. पाणी जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर. ते फार खाली गेलं, की तिचं बस्तान उठतं.

बर्कशरमधल्या न्यूबरी गावाला वळसा घालणारा रस्ता १९९६ साली बांधायला घेतला, तेव्हा ती नेमकी त्याच्या वाटेत आली. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात तिचं नाव होतं, त्यामुळे वाद न्यायालयापर्यंत गेला. रस्ता थांबला नाही. गोगलगाईंसकट दलदलीचे गवताळ थर उचलून दुसरीकडे नेऊन बसवले. १९९८ मध्ये रस्ता खुला झाला. पुढे २००६ साली बातमी आली, की हलवलेल्या जागी ती नाहीशी झाली आहे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या कामात कष्ट कमी नव्हते. माती आली, गवत आलं, गोगलगाय आली. पण मूळ जागेचं पाणी काही फावड्यानं उचलता येत नाही.

आता या गोगलगाईची गणना करताना ताटात किती पडल्या याच्या जोडीनं आणखी एक नोंद करतात: पायाखालची जमीन कोरडी, ओलसर, की पाण्याखाली.